खेळातला दर्जी

नबीसाबचाचांच्या पोराला, राहतला, कोणी बिचारा म्हटलं की माझं डोकं फिरायचं, आणि त्याला बिचारा म्हणणारी माणसं सोलापूरच्या विजापूर वेशीत पैशाला पासरी होती. दूधवाला म्हणायचा, नमाजाहून परतणारे म्हातारे म्हणायचे, शेजारच्या बायका तर त्याच्या दारावरून जाताना आवाज खाली आणायच्या. जिवंत माणसाच्या दारावरून असं जायचं नसतं. पण सांगणार कोणाला आणि ऐकणार कोण.

माझं नाव दिपाली. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जिना चढून आलेलं गिऱ्हाईक मला बघून आधी माझ्या मागे बघतं आणि विचारतं, "मालक कुठायत?" मी म्हणते, मालक वारले, आता मीच आहे. नवरा चांगला धडधाकट आहे, बँकेत आहे. पण गिऱ्हाईक गप्प बसतं आणि मशीन टेबलावर ठेवतं.

नबीसाबचाचा असेच एकदा जिना चढून आले होते. त्यांनी मात्र मालक विचारला नाही. खांद्यावर शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडात गुंडाळलेला कॉम्प्युटर होता. चाचा गणवेशाचे कटिंग मास्टर. आमच्या गावात शिवलेल्या हाफ पँटा घालून कुठकुठली पोरं शाळेत जातात, त्यातल्या बऱ्याच त्यांच्या कात्रीखालून गेलेल्या. त्यांनी कॉम्प्युटर खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरगा घरातच असतो ताई. त्याला एवढंच हाय." बाकी काही सांगितलं नाही. मशीन जुनाट होतं, धुळीनं भरलेलं. साफ केलं, चालू झालं, दोन दिवसांनी पुन्हा बसलं. तेव्हा मीच त्यांच्या घरी गेले.

पुढच्या खोलीत शिलाई मशिनी, कापडाचे गठ्ठे, जमिनीवर चिंध्या. पडद्याआड खिडकीपाशी खाट, खाटेवर त्यांचा मुलगा राहत. अठराएक वर्षांचा असेल. स्नायू सुकत जाण्याचा आजार होता त्याला. सातवीत असताना पाय गेले, मग खांदे, मग हात. बारावी घरूनच केली, आणि कॉलेजात वर्ग दुसऱ्या मजल्यावर म्हणून शिक्षण तिथंच थांबलं. चेहरा मात्र तरतरीत होता आणि डोळे आगाऊ.

"ताई, तुम्हाला च्च करायचं असेल तर आत्ताच करून घ्या," तो म्हणाला. "मग कामाचं बोलू."

"मी मदरबोर्ड बघून च्च करते," मी म्हटलं. "माणसं बघून नाही."

तो हसला. आमचं तिथंच जमलं.

त्याला कॉम्प्युटर हवा होता तो खेळायला. बाकीच्या घरांत पोरं खेळतात म्हणून आया माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. इथं सायराचाची, म्हणजे राहतची आई, मला चहा देऊन विचारत होती की पोराला खेळता येईल असं काही करता येतं का. मशीनची अवस्था अशी की विंडोजची नवी आवृत्ती ते घेतच नव्हतं, आणि जुन्या आवृत्तीवर ते कुंथत चालायचं. मी म्हटलं, लिनक्स टाकते.

"त्यावर गेम चालत नाहीत म्हणतात की."

"म्हणणारे जुने झाले," मी म्हटलं.

हे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गेम बनवणारे गेम बनवतात ते विंडोजसाठी. विंडोजवाल्यानं गेम घेतला, बटण दाबलं, की झालं. लिनक्सवर तोच गेम चालवायचा तर मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. गेम विंडोजच्या भाषेत मागतो, दुभाषा ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. आमच्या गावात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही, इथं बँकेच्या रांगेत एक तेलुगू, एक कन्नड आणि एक उर्दू बोलणारा असतो आणि तिघांचं काम होतं. तसंच हे. नवाकोरा गेम आला की पहिले काही दिवस दुभाषा अडखळतो. कधी अक्षरं दिसत नाहीत, कधी आवाज येत नाही, कधी पहिल्यांदा उघडताना एवढा वेळ लागतो की वाटावं संपलं सगळं. मग जगात कुठेतरी कोणीतरी तोडगा काढतं, तो आपण घ्यायचा, एक ओळ बदलायची, पुन्हा बघायचं. आणि एकदा चालला की चालतो, त्या जुन्या मशीनवर तर विंडोजपेक्षा बरा चालायचा.

मला वाटलं होतं पोरगं कंटाळेल. त्याला उलट तेच आवडलं. "विंडोजवर गेम खेळायचा असतो," तो म्हणायचा, "लिनक्सवर आधी गेमशी भांडायचं असतं. मला भांडायला दुसरं कोण आहे घरात?"

हे तो हसत म्हणाला होता, पण खरं होतं. त्या घरात त्याला कोणी रागावत नसे. अब्बांवर खेकसला तरी नाही, ताट नको म्हणून तोंड फिरवलं तरी नाही. सायराचाची नुसती डोक्यावरून हात फिरवायची. मी तिथं बसून बघायचे आणि मला घुसमटल्यासारखं व्हायचं, त्याला काय होत असेल देव जाणे.

लिनक्सचा खरा उपयोग पुढे कळला. वर्षभरात त्याची बोटं कमी व्हायला लागली. कमी म्हणजे होती तेवढीच, पण ऐकेनाशी झाली. उजव्या हाताची दोन आणि डावा अंगठा, एवढंच राहिलं. त्याच्या आवडीच्या नेमबाजीच्या गेमांना सगळी दहा बोटं लागतात. राहतनं मग मशीन उलटंपालटं केलं. लिनक्समध्ये कीबोर्डाच्या पोटात शिरता येतं, तिथं तुम्हाला कोणी अडवत नाही. त्यानं छोटे छोटे प्रोग्राम लिहिले. एक बटण जरा वेळ दाबलं तर एक अर्थ, दोनदा दाबलं तर दुसरा, दोन बोटांनी मिळून दाबलं तर तिसरा. दिवसाला चार ओळी व्हायच्या त्याच्याकडून, तेवढंच टाइप करायची ताकद होती.

आणि पेडल. ते चाचांचं काम. शिलाई मशीनच्या मोटरचं पायानं दाबायचं पेडल असतं ना, तसलं एक जुनं त्यांनी सोलून काढलं, आतली स्प्रिंग बदलून इतकी नरम केली की मांजरानं पाय ठेवला तरी दबावं. मी त्याला वायर जोडली. ते राहतच्या कोपराखाली बसवलं, कापडाच्या गादीवर. कोपर जरासं टेकवलं की खेळातली बंदूक चालायची. पहिल्यांदा चाललं तेव्हा चाचा बाहेर जाऊन उभे राहिले. मला वाटलं बिडी प्यायला गेले. नंतर कळलं ते बिडी पीतच नाहीत.

खेळात त्यानं स्वतःचं नाव ठेवलं होतं, दर्जी, म्हणजे शिंपी.

तो खेळ पाच जणांचा होता. गेमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कंपन्यांकडे वकील असतात आणि माझ्याकडे फक्त दुकान आहे. पाच जण एकीकडे, पाच समोर, एक किल्ल्यासारखी जागा, कोणी राखायची, कोणी घ्यायची. कानाला हेडफोन लावून पाचही जण एकमेकांशी बोलत राहतात. हे बोलणं गेममधून नाही, बोलायचं एक वेगळंच ॲप असतं, त्यात संघाची एक खोली असते. दर्जीच्या संघाची कप्तान होती ऋतुजा. जुळे सोलापुरात राहणारी, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. दुसरा माउली, कुंभारीचा, प्रत्येक गोष्टीवर हसणारा. आणखी दोघे होते. सगळे आमच्याच भागातले, रिक्षात बसलं तर अर्ध्या तासात एकमेकांच्या दारात पोचतील असे. पण दर्जीला कोणी कधी पाहिलं नव्हतं. भेटू या म्हटलं की तो म्हणायचा, अब्बांच्या धंद्याचं काम आहे. कॅमेरा लाव म्हटलं की म्हणायचा, बिघडलाय, ताईकडे दुरुस्तीला दिलाय. म्हणजे माझ्याकडे.

ऋतुजा तोंडाची फटकळ होती. हेडफोनमधून तिचा आवाज खोलीभर सांडायचा. "दर्जी, झोपलास का? डावीकडनं आले की तिघं, काय बघत होतास, लग्नाची वरात?" असं काहीबाही. सायराचाची भाजी निवडता निवडता ऐकायची आणि दचकायची.

"कोन हाय गं ही?" ती मला एकदा म्हणाली. "माझ्या पोराला किती बोलती."

"ऐकतोय की तुमचा पोरगा," मी म्हटलं. "बघा तोंडाकडे."

राहतच्या तोंडावर जे होतं ते मी दुसऱ्या कशानं आलेलं पाहिलं नाही. शिव्या खाताना माणूस इतका खूश असू शकतो हे मला माहीत नव्हतं. तिथं तो खाटेवरचा नव्हता, नेमबाज होता, त्यांच्या संघातला सगळ्यात चांगला, आणि चुकला की त्याला चुकलास म्हणून सांगणारं कोणीतरी होतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या गेमची नवी आवृत्ती आली. सगळे तिकडं गेले, जुनी ओस पडली. नव्या आवृत्तीबरोबर कंपनीनं एक रखवालदार दिला होता. हा रखवालदार गेमच्या आधी मशीनच्या मुळाशी जाऊन बसतो आणि खेळणारा काही लबाडी करतो का ते बघतो. लबाड्या होतात, खोटं कशाला बोला. आपोआप नेम धरणारे प्रोग्राम मिळतात, भिंतीपलीकडचं दाखवणारे मिळतात. तर हा रखवालदार लिनक्सला ओळखतच नव्हता. दुभाष्याचं तो ऐकून घेईना. राहतनं सगळं करून पाहिलं. गेम उघडायचा आणि मिटायचा.

"विंडोज टाक की," ऋतुजा म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम. लिनक्स लिनक्स काय लावलंयस, शास्त्रज्ञ आहेस का?"

तिला काय माहीत. राहत मला म्हणाला, "ताई, विंडोज टाका."

माझ्याकडे एक बऱ्यापैकी मशीन पडून होतं, गिऱ्हाईक न्यायला आलंच नव्हतं. त्यावर नवं विंडोज टाकून मी त्याच्या खाटेशी ठेवलं, जुनंही तिथंच राहू दिलं. गेम पहिल्या झटक्यात चालू झाला. काही भांडायला लागलं नाही. चित्र असं सुंदर की मीसुद्धा बघत बसले. पण राहतचे प्रोग्राम तिथं चालत नव्हते. विंडोजवर तसलंच करणारं एक दुसरं अवजार मिळतं, त्यात त्यानं सगळं पुन्हा बसवलं. मी त्याला तेव्हाच सांगितलं की हे चालू ठेवून तो गेम उघडू नकोस. बटण बोटानं दाबलं का प्रोग्रामनं दाबलं, एवढंच रखवालदार बघतो. बोटाला काय झालंय ते तो बघत नाही.

"माहितीय," राहत म्हणाला.

मग तो तसाच खेळायला लागला, उघड्या हातानं. दोन बोटं, एक अंगठा आणि कोपराखालचं पेडल. ते हाल मला बघवत नव्हते. पळायचं बटण दाबलं तर वळता येत नव्हतं, वळलं तर गोळी झाडता येत नव्हती. किल्ल्याच्या दारात उभा राहून मरायचा. ऋतुजा बोलायची, आता चेष्टेत नाही, वैतागून. "दर्जी, तुझं लक्ष कुठंय? नको असेल खेळायचं तर सांग, दुसरा बघते."

संघानं एका ऑनलाइन स्पर्धेत नाव दिलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतले संघ, आणि जिंकणाऱ्यांची शेवटची फेरी पुण्याला, प्रत्यक्ष. ऋतुजाला त्याचं वेडच लागलं होतं. घरचे म्हणत होते गेम बंद कर, अभ्यास कर, आणि तिला त्यांना दाखवून द्यायचं होतं. हे तिनं खेळताना सगळ्यांना सांगितलं होतं, राहतलाही.

मी नियम वाचले. नियमांत लिहिलं होतं की अपंग खेळाडूला वेगळी साधनं वापरायची असतील तर डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करावा, विचार होईल. मी तो कागद राहतपुढे धरला. दाखले काय, आमच्याकडे पोतंभर होते.

"खाली वाचा," तो म्हणाला.

खाली लिहिलं होतं, अर्ज संघाच्या कप्तानामार्फत पाठवावा.

"मग पाठव की ऋतुजाला," मी म्हटलं. "खाईल का ती तुला?"

"खाणार नाही. तेच तर." त्याला एवढं बोलायला दम लागायचा, मध्ये थांबायला लागायचं. "ताई, ती रडेल. मग माउली हसायचा बंद होईल. मग रोज सगळे विचारणार, राहत, बरं वाटतंय का आज? चुकलो तरी म्हणणार, असू दे, असू दे. इथं आहे की ते सगळं. तिकडं पण तेच आणू?"

मी चिडले. मी म्हटलं, मग हर आणि बस. तो म्हणाला, "त्यांना पुण्याला पाठवायचंय मला. पुण्याला मी येत नाही म्हणून सांगेन, दुसरा कोणी जाईल माझ्या जागी. एवढी एक मॅच जिंकली की झालं."

त्यानं काय करायचं ठरवलंय ते मला कळलं. मी त्याला परोपरीनं सांगितलं. त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्या मॅचला त्यानं अवजार चालू केलं. रविवार होता, दुपारची वेळ, चाचांनी शिलाई मशिनी बंद ठेवल्या होत्या आवाज नको म्हणून. मी बाजूला बसले होते. मला त्या खेळातलं फार कळत नाही, पण एवढं कळलं की तो उडत होता. नेम त्याचाच होता, हे मी शपथेवर सांगते. कुठं बघायचं, कधी थांबायचं, कुठल्या दारातून कोण येणार, हे सगळं त्याचं डोकं होतं. अवजारानं फक्त त्याच्या दोन बोटांना दहा बोटांचं काम दिलं होतं. शेवटी समोरचे तिघे आणि इकडं दर्जी एकटा राहिला, आणि तिघेही पडले. हेडफोनमधून जो आरडाओरडा झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. ऋतुजा ओरडत होती, "दर्जी, तू माणूस आहेस का कोण आहेस?" राहत डोळे मिटून पडून राहिला. घामानं उशी ओली झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढे लाल पट्टी आली. लबाडी करताना आढळला, कायमचा बंद. आणि लबाड खेळाडू ज्या संघात होता त्या संघाचा विजय रद्द.

कंपनीला मी दोष देत नाही. द्यावासा वाटतो, फार वाटतो, पण रखवालदारानं त्याला सांगितलेलं काम केलं. नियम होता, वाटही ठेवली होती. राग येतो तो मला यासाठीच की कोणाची गचांडी धरून भांडावं असं तिथं कोणी नव्हतं.

संध्याकाळी ऋतुजा बोलायच्या ॲपवर आली. मी तिथंच होते. ती ओरडेल असं वाटलं होतं, ती ओरडली नाही. तिनं हळूच विचारलं, "काहीतरी चूक झाली असेल ना त्यांची? तू काही वापरलं नव्हतंस ना?"

राहत म्हणाला, "वापरलं."

"काय?"

"वापरलं म्हणलं ना."

मग ती ओरडली. जे जे म्हणायचं ते म्हणाली. तिनं घरी सगळ्यांना सांगितलं होतं, वडिलांनी पुण्याला जायला हो म्हटलं होतं. "चोर आहेस तू," ती म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना चोर केलंस." मला राहवेना. मी माइककडे हात नेला, तर राहतनं माझ्याकडे बघितलं. हात उचलून अडवण्याची ताकद त्याच्यात नव्हती, नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला.

खोलीत शांत झाल्यावर तो म्हणाला, "चोर म्हणू दे ताई. बिचारा नको." आणि माझ्याकडून वचन घेतलं की त्या चौघांना मी काही सांगणार नाही. मी आजही सांगितलेलं नाही. त्यांच्यापैकी कोणी हे वाचलं तर तो त्यांच्या नशिबाचा भाग.

विंडोजचं मशीन मी परत नेलं. तो पुन्हा जुन्या लिनक्सवर आला. नवे गेम येत होते, तो ते चालवत होता, दुभाष्याशी भांडत होता, आणि एकट्यानं खेळायच्या गेमांना असले रखवालदार नसतात, त्यामुळे त्याचे प्रोग्राम, पेडल, सगळं तिथं बिनतक्रार चालायचं. खेळायचा छान. कोणी बघत नव्हतं एवढंच. हेडफोन खुंटीला टांगलेला असायचा. सायराचाची म्हणायची, हल्ली घर कसं शांत झालंय, आणि तिला वाटायचं पोराला थकवा असतो म्हणून तो कोणाशी बोलत नाही. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं.

थंडीत छातीत कफ भरला. खोकायलासुद्धा स्नायू लागतात, ते त्याच्याकडे उरले नव्हते. सिव्हिल हॉस्पिटलला नेला, तिथून तो घरी आला तो चादरीखालीच. चाचांनी कफनाचं कापड स्वतः कापलं, दुसऱ्या कोणाला कात्री लावू दिली नाही. गल्लीत उभी असलेली माणसं म्हणत होती, सुटला बिचारा. मी पायरीवर दात खाऊन उभी होते. त्या दिवशी तरी भांडायचं नव्हतं मला.

त्यानंतर काही आठवड्यांनी सायराचाचीनं मला बोलावलं. दुपार टळली होती, चाचा माल पोचवायला गेले होते. खाट उभी करून भिंतीला लावली होती. कॉम्प्युटर मात्र जागेवर होता, पुसलेला.

"दिपाली," ती म्हणाली, "ती वरडनारी पोरगी हाय न्हवं, तिला कुनी सांगितलं का?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"ती वाट बघत असंल की. इतकं बोलायची त्याला. जीव असल्याबिगर कोन कुनाला इतकं बोलतं व्हय?"

मग मला सांगावंच लागलं. रखवालदार, मॅच, लाल पट्टी, सगळं तिला कळेल असं सांगितलं. त्यानं माझ्याकडून घेतलेलं वचनही सांगितलं. चाची सगळं ऐकत होती, पण एका शब्दावर अडली.

"चोर म्हनत्यात? माझ्या राहतला?"

"हो."

"त्यानं कुनाचं काय घेतलं गं? त्याला मूठ तरी झाकता येत होती का?" ती उठली. "तू वचन दिलंस, मी न्हाय दिलं. मी सांगते त्यास्नी. लाव ते."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. इतके दिवस मनात दाबून ठेवलं होतं ते. मशीन चालू केलं, बोलायचं ॲप उघडलं. दर्जीचं नाव संघाच्या खोलीतून कोणी काढलेलं नव्हतं. खोलीत चार नावं हिरवी, म्हणजे हजर, दिसत होती, संध्याकाळचा खेळ नुकताच सुरू होत होता त्यांचा. मी हेडफोन चाचीच्या डोक्यावर, पदरावरूनच बसवला, आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. बटण दाबलं.

आत चाललेली बडबड एकदम थांबली.

"दर्जी?" ऋतुजाचा आवाज. "हिंमत झाली तुझी यायची?"

चाचीनं मोठ्यानं, दूरच्या माणसाशी बोलावं तसं म्हटलं, "मी राहतची अम्मी बोलते."

माउली हसला. "अरे, अम्मीला पाठवलं."

"गप्प बस तू," ऋतुजा त्याला म्हणाली, आणि मग इकडे, "दर्जी, आईला बसवलंस होय आता पुढं? स्वतःला तोंड नाही का? इतके महिने गायब. एक फोन नाही, एक मेसेज नाही. मी रोज बघते, तुझं नाव हिरवं झालं का म्हणून. शिव्या द्यायच्या होत्या मला." तिचा आवाज उतरला. "इतकं चांगलं खेळायचास रे तू. असला खेळणारा मी दुसरा बघितला नाही. तुला काय गरज होती ते करायची?"

मी चाचीकडे बघत होते. मला वाटलं, आता सांगेल. तिचं तोंड उघडलं होतं. डोळ्यांतलं पाणी ओठांपर्यंत आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"ऐकतोयस ना?" पलीकडून आवाज आला. "का तिथं बसून हसतोयस?"

"न्हाय, बेटा," चाची म्हणाली. "हसत न्हाय. सांगते मी त्याला."

आणि तिनं हेडफोन काढला.

मी आवाज बंद केला. मला राग आला होता, खरंच आला होता. "चाची, सांगायचं होतं ना. तुम्ही सांगायलाच बसला होता."

ती जमिनीवर बसली, खाट असायची त्या जागेवर.

"हितं सगळे त्याला रडून मोकळे झाले गं. चाळीस दिसांचा चाळीसवाबी व्हईल, मग नावबी कोन काढनार न्हाय. तितं ती पोरगी अजून त्याच्यावर रागावून बसलीया. त्याची वाट बघतीया. तिच्यासाठी माझा पोरगा हाय अजून. मी कशाला मारू त्याला तितं?"

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, चाचा आले असावेत. चाचीनं पदरानं तोंड पुसलं, पडद्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ती रोज येती व्हय या वक्ताला?"

"बहुतेक रोज येते."

"मग मला दाव. आपला आवाज तिकडं जाऊ द्यायचा न्हाय, नुसतं ऐकायचं. त्याला कुठलं बटन असतं?"

मी दाखवलं.